अल्ट्रासॉनिक मोटर: सिम्युलेशनमधला टॉर्क-वेग वक्र मोजलेल्या वक्राशी का जुळत नाही?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. चालत्या लाटेच्या पिझो मोटरचं मॉडेल तयार आहे (हिच्यात पिझोच्या कंपनानं स्टेटर या स्थिर कड्यावर लाट फिरते आणि त्यावर दाबून ठेवलेला रोटर घर्षणानं फिरतो). नो-लोड वेग, म्हणजे भाराशिवायचा वेग, मोजमापाशी जवळपास जुळतो. स्टॉल टॉर्कही (रोटर अडवून थांबवल्यावरचा टॉर्क) जुळतो, कारण घर्षण गुणांक त्यासाठीच फिरवलेला असतो. मधला वक्र मात्र साफ चुकतो. मॉडेलमधला टॉर्क बराच वेळ सपाट राहतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा शून्यावर येतो. टेस्ट बेंचवरची मोटर पहिल्या न्यूटन-मिलिमीटरपासूनच वेग गमावत जाते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे लायनिंगचा, म्हणजे रोटरला चिकटवलेल्या घर्षण-थराचा, यंग मॉड्युलस कमी करणं. वक्र लगेच झुकतो आणि आलेख देखणा दिसतो. व्होल्टेज बदललं की तोच आलेख पुन्हा बिघडतो. दोष असतो एकीकडे आणि पाना फिरवला जातो दुसरीकडे, म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

आधी हातानं हिशेब

सॉल्व्हर उघडण्यापूर्वी कागदावर अर्धा तास घालवा. उदाहरणासाठी शिन्सेईच्या यूएसआर-६० च्या घडणीची मोटर घेऊ. ६० मिमी व्यासाचा स्टेटर, परिघावर ९ लाटा, सुमारे ४० किलोहर्ट्झ, १३० व्होल्ट आरएमएस, रेटेड बिंदू ०.५ न्यूटन-मीटर आणि १०० आरपीएम, कमाल टॉर्क १ न्यूटन-मीटर. बाकीचे आकडे या हिशेबापुरते धरलेले आहेत, तिथे तुमच्या मोटरचे घाला: संपर्क त्रिज्या २६.५ मिमी, प्रीलोड (रोटरला स्टेटरवर दाबणारं बल) १६० न्यूटन, लाटेचा आयाम १.५ मायक्रॉन, न्यूट्रल अ‍ॅक्सिसपासून (वाकताना न ताणल्या जाणाऱ्या थरापासून) स्टेटरच्या दातांच्या माथ्यापर्यंतची उंची ३.५ मिमी, लायनिंग ०.३ मिमी जाड आणि ३ मिमी रुंद, यंग मॉड्युलस १ गिगापास्कल, घर्षण गुणांक ०.२५.

तरंगांक म्हणजे ९ भागिले त्रिज्या, दर मीटरला ३४० रेडियन. तरंगलांबी १८.५ मिमी. लाटेच्या माथ्यावर पृष्ठभागाचा आडवा वेग = उंची × तरंगांक × कोनीय वारंवारता × आयाम, म्हणजे सेकंदाला ०.४५ मीटर. रोटर या वेगानं फिरला तर १६२ आरपीएम. यापेक्षा जास्त नो-लोड वेग मॉडेल दाखवत असेल तर पुढे वाचण्याआधी एकके तपासा.

स्टॉल टॉर्क = घर्षण गुणांक × प्रीलोड × त्रिज्या = १.०६ न्यूटन-मीटर. यात लायनिंगच्या ताठरतेचा संबंधच नाही.

आता संपर्क. लायनिंग म्हणजे शेजारीशेजारी उभ्या स्वतंत्र स्प्रिंगा असं धरलं, तर माथ्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक कोनापर्यंतच रोटर टेकतो. त्याला संपर्क-अर्धकोन म्हणू. त्याचं समीकरण छोटं आहे: साइन(कोन) − कोन × कोसाइन(कोन) = प्रीलोड × तरंगांक ÷ (२ × लाटांची संख्या × लांबीमागची ताठरता × आयाम). लांबीमागची ताठरता म्हणजे मॉड्युलस × रुंदी ÷ जाडी, इथे १०¹⁰ न्यूटन प्रति चौरस मीटर. उजवी बाजू ०.२० येते आणि कोन निघतो ०.८७ रेडियन, सुमारे ५० अंश. दर लाटेला ५.१ मिमी लांबीचा संपर्क, म्हणजे तरंगलांबीचा साधारण २८ टक्के भाग. बाकी रोटर हवेत.

माथ्यावर लायनिंग किती दबतं? आयाम × (१ − कोसाइन कोन) = ०.५३ मायक्रॉन. हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरला चिकटवा. खाली येणाऱ्या चुकांपैकी निम्म्या तरी हा आकडा विसरल्यामुळे होतात.

संपर्काच्या आत स्टेटरच्या पृष्ठभागाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. मधोमध तो रोटरपेक्षा जास्त असतो आणि तिथे स्टेटर रोटरला ओढतो. कडांकडे तो कमी असतो आणि तिथे तोच स्टेटर ब्रेक लावतो. नो-लोडला ओढ आणि ब्रेक समान होतात. वरच्या आकड्यांत हा तोल माथ्याच्या वेगाच्या ९५.६ टक्क्यांवर, म्हणजे १५५ आरपीएमला साधतो. रोटरचा वेग १०५ आरपीएमच्या खाली गेला की कडेपर्यंतचा सगळा भाग ओढणारा होतो. तिथून खाली टॉर्क वाढायला जागाच उरत नाही. साध्या कूलाँब घर्षणाचा (घर्षण = गुणांक × दाब, घसरण-वेग कितीही असो) चौकोनी वक्र आला तो इथून. ती सॉल्व्हरची चूक नाही. आयाम स्थिर धरला की गणित तेच उत्तर देणार.

कोणता आकडा कशाची साक्ष देतो

लायनिंगची ताठरता बदलून तोच हिशेब केला की असं दिसतं. ताठरता पाव केली तर नो-लोड १४३ आरपीएम आणि सपाट भाग फक्त २१ आरपीएमपर्यंत. मूळ ताठरतेला १५५ आणि १०५. चौपट केली तर १५९ आणि १३९. सोळापट फरकात नो-लोड वेग जेमतेम १६ आरपीएमनं हलला, सपाट भागाची कड मात्र २१ वरून १३९ वर गेली.

म्हणून नो-लोड वेग हा आयामाचा साक्षीदार, स्टॉल टॉर्क हा घर्षण गुणांक × प्रीलोड यांचा, आणि वक्राचा आकार हा ताठरतेचा. पण आकाराला दुसरा एक साक्षीदार आहे आणि त्याचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही: भाराखाली आयाम स्थिर राहत नाही.

ऊर्जेचा हिशेब मांडला की हे उघड होतं. स्टॉलला सगळा संपर्क घसरत असतो. सरासरी घसरण-वेग माथ्याच्या वेगाच्या ९२ टक्के धरला तर घर्षणात साधारण १७ वॉट जळतात. नो-लोडला हाच आकडा १ वॉटच्या आसपास असतो. हे जादाचे १६ वॉट येणार कुठून? लाटेतूनच. ड्रायव्हर ठरावीक व्होल्टेज आणि ठरावीक वारंवारता देत असेल, तर लाट खचणारच. आयाम स्थिर धरलेलं मॉडेल १०५ आरपीएमला ११.७ वॉट यांत्रिक शक्ती दाखवतं. मोटरची रेटेड शक्ती ५ वॉट आहे.

आता मूळ ताठरता, तोच घर्षण गुणांक, तोच प्रीलोड ठेवा आणि १०० आरपीएमला आयाम १.५ ऐवजी १.०७ मायक्रॉन करून पाहा. टॉर्क ०.५० न्यूटन-मीटर येतो. कॅटलॉगचा रेटेड बिंदू हाच, आणि तो लायनिंगला हात न लावता मिळाला. १.१ मायक्रॉनला ०.६१ येतो आणि १.०० ला फक्त ०.१२. या भागात आयामाच्या शतांश मायक्रॉनलाही किंमत आहे.

खात्री करायला महागडं उपकरण लागत नाही. स्टेटरच्या पिझो कड्यावर दोन्ही फेजांच्या मधल्या जागेत सेन्सर इलेक्ट्रोड असतो. नो-लोडला त्याचं व्होल्टेज नोंदवा. ब्रेक लावत पाच-सहा भारबिंदूंवर पुन्हा नोंदवा. व्होल्टेज घसरत गेलं तर वक्र झुकण्याचं मुख्य कारण आयाम आहे, मॉड्युलस नाही. लेझर व्हायब्रोमीटर मिळाला तर मोकळ्या स्टेटरवर सेन्सरचं एकदा कॅलिब्रेशन करून घ्या: किती व्होल्टला किती मायक्रॉन. मग संपर्काच्या मॉडेलला पिझोच्या गणितानं काढलेला आयाम न देता प्रत्येक भारबिंदूचा मोजलेला आयाम द्या. आता वक्र जुळला तर संपर्काचं मॉडेल ठीक आहे आणि दोष विद्युत बाजूला आहे. तरीही जुळला नाही तर दोष खरोखर संपर्कात आहे. या एका पायरीत दोन चुका वेगळ्या होतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

इथेच दोन फुटकळ पण कायमच्या चुका: १३० व्होल्ट आरएमएस म्हणजे शिखर १८४ व्होल्ट, आणि व्हायब्रोमीटरनं शिखर-ते-शिखर दिलं असेल तर आयाम त्याच्या निम्मा.

नो-लोड वेगच चुकत असेल तर

घर्षणाकडे पाहूही नका. वेग उंची × तरंगांक × आयाम यांतून येतो. उंची न्यूट्रल अ‍ॅक्सिसपासून मोजायची, जाडीच्या मध्यापासून नाही. दातांमधल्या खाचांमुळे दातांचा भाग वाकण्याला फारसा विरोध करत नाही, त्यामुळे न्यूट्रल अ‍ॅक्सिस खाली पिझो कड्याकडे सरकतो. ३.५ मिमीत ०.३ मिमीची चूक म्हणजे वेगात साडेआठ टक्के.

दुसरं ठिकाण त्रिज्येचं. लायनिंगवरची झिजेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ड्रॉइंगमध्ये ३ मिमी रुंदी असते, पण पट्टी बाहेरच्या कडेला एखाद-दीड मिमीचीच उमटलेली आढळते, कारण स्टेटरचा आयाम बाहेरच्या बाजूला वाढत जातो आणि रोटरची कडही थोडी तिरपी बसते. अशा वेळी संपर्क त्रिज्या, रुंदी आणि आयाम तिन्ही बदलतात. ड्रॉइंगमधल्यापेक्षा झिजेच्या पट्टीवरची रुंदी खरी.

एफईएममध्ये टॉर्क कमी येतो, रोटर लवतो आणि परत येतो

ही तक्रार थ्रीडी फायनाइट एलिमेंट (एफईएम) मॉडेल करणाऱ्यांची. मेश, म्हणजे एलिमेंटांची जाळी, बारीक केला की टॉर्क वाढतो, आणखी बारीक केला की आणखी वाढतो. लोक याला मेश कन्व्हर्जन्सचा प्रश्न समजून महिना घालवतात. दोष सॉल्व्हरच्या डिफॉल्टमध्ये असतो.

अ‍ॅबॅकस स्टँडर्ड या सॉल्व्हरमध्ये पेनल्टी घर्षणासाठी (घसरण्याआधी काल्पनिक स्प्रिंग धरणारी पद्धत) चालवून घेतलेली लवचीक घसरण डिफॉल्टनं संपर्क-एलिमेंटच्या सरासरी लांबीच्या ०.५ टक्के असते. एलिमेंट ०.२५ मिमीचा असेल तर ती होते १.२५ मायक्रॉन. आपल्या मोटरमध्ये स्टॉललासुद्धा एका संपर्कात स्टेटरचा पृष्ठभाग आडवा सरकतो तो २.७ मायक्रॉन. म्हणजे जवळजवळ निम्मा प्रवास घर्षण पूर्ण चढायच्या आतच सॉल्व्हरच्या काल्पनिक स्प्रिंगमध्ये जिरतो. नो-लोडजवळ तर विचारूच नका. तिथे ओढणाऱ्या भागातली एकूण घसरण ०.०३ मायक्रॉन आणि ब्रेकच्या प्रत्येक भागातली ०.१३ मायक्रॉन आहे. मेश बारीक केल्यावर टॉर्क वाढतो, कारण एलिमेंटची लांबी घटते आणि तिच्यासोबत ही सूटही घटते.

उपाय: घर्षणाच्या व्याख्येत इलॅस्टिक स्लिपचं निरपेक्ष मूल्य द्या. लायनिंगचा स्वतःचा मेश असेल तर ०.००५ ते ०.०१ मायक्रॉन. मॉडेल मिमीत असेल तर ०.०१ मायक्रॉन म्हणजे १०⁻⁵ मिमी.

अ‍ॅन्सिसमध्ये खोड तीच, नावं वेगळी. एफटीओएलएन ही सेटिंग डिफॉल्टनं संपर्काखालच्या एलिमेंटच्या खोलीच्या ०.१ पट आत घुसायला परवानगी देते. लायनिंगमध्ये ०.१ मिमीचे थर असतील तर ती होते १० मायक्रॉन, आणि लायनिंग दबतं एकूण ०.५३ मायक्रॉन. एसएलटीओ, म्हणजे घसरणीची सूट, डिफॉल्टनं संपर्क-लांबीच्या १ टक्का. दोन्हींना ऋण चिन्ह लावून मूल्य दिलं की ते निरपेक्ष मानलं जातं. आत घुसण्यासाठी ०.०१ मायक्रॉन आणि घसरणीसाठीही तेवढंच ठेवा. कन्व्हर्जन्स अवघड होईल, टाइमस्टेप कमी करावा लागेल, तो खर्च पत्करा.

लायनिंगचा मेशच केला नसेल आणि त्याची लवचीकता पेनल्टीत घातली असेल, तर मूल्य नशिबावर सोडू नका. उभी ताठरता = मॉड्युलस ÷ जाडी = ३३३३ न्यूटन प्रति घन मिमी. आडवी = शिअर मॉड्युलस ÷ जाडी, ०.३४५ गिगापास्कल धरून ११५०.

एक्सप्लिसिट सॉल्व्हर वापरणाऱ्यांनी डबल प्रिसिजन लावायलाच हवं. २६.५ मिमीच्या निर्देशांकावर सिंगल प्रिसिजनची सर्वांत लहान पायरी सुमारे २ नॅनोमीटर असते आणि आपल्याला ३० नॅनोमीटरची घसरण मोजायची आहे.

नो-लोडजवळ उतार चुकतो

आयाम दुरुस्त केला, डिफॉल्ट बदलले, आणि तरी वक्राचं वरचं टोक, म्हणजे १४० ते १५५ आरपीएमचा भाग, मोजमापापेक्षा वेगळा दिसत असेल, तर कारण लायनिंगची आडवी लवचीकता. पूर्ण घर्षण चढायला लायनिंगला आडवं किती ताणावं लागतं? सरासरी दाब १ मेगापास्कल धरला तर घर्षण ताण ०.२५ मेगापास्कल, भागिले ११५० म्हणजे ०.२२ मायक्रॉन. नो-लोडला उपलब्ध घसरण याहून कमी आहे. म्हणजे तिथे पृष्ठभाग घसरतच नाही. लायनिंग स्टेटरला चिकटून आडवं लवतं आणि सोडून देतं. कूलाँबचा ‘एकतर पुढे, नाहीतर मागे’ हा नियम इथे लागूच पडत नाही. स्टॉलजवळ २.७ मायक्रॉनच्या मानानं ०.२२ म्हणजे ८ टक्के, तिथे हा परिणाम विसरला तरी चालतो.

त्यामुळे घर्षणाला टॅन-हायपरबोलिक लावून गुळगुळीत करण्याची युक्ती इथे फसवी ठरते. वक्र छान दिसतो, पण उतार तुम्ही निवडलेल्या आकड्यातून येतो, लायनिंगच्या शिअर मॉड्युलसमधून नाही.

लायनिंगची खरी ताठरता

इथे थोडं थांबायला हवं. वर मॉड्युलस × रुंदी ÷ जाडी असं सरळ घेतलं. पण लायनिंग ०.३ मिमी जाड आणि ३ मिमी रुंद आहे, म्हणजे रुंदी जाडीच्या दहापट. खाली ते रोटरला चिकटवलेलं असतं. दाबल्यावर बाजूला फुगायला जागा नसते, म्हणून ताठरता यंग मॉड्युलसनं ठरत नाही. ती बंदिस्त मॉड्युलसनं ठरते, आणि त्यात पॉइसन गुणोत्तर सगळा खेळ करतं. गुणोत्तर ०.४० असेल तर ताठरता २.१ पट, ०.४५ असेल तर ३.८ पट. डेटाशीटवर पॉइसन गुणोत्तर बहुधा छापलेलंच नसतं. मग ०.४ लिहायचं की ०.४५, हे डोळे मिटून ठरतं आणि सपाट भागाची कड सुमारे ११ आरपीएमनं हलते.

उलट दिशेनं ओढणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली पृष्ठभागाचा खडबडीतपणा. लायनिंग दबतं अर्धा मायक्रॉन. लॅपिंगनंतरही दोन्ही पृष्ठांचा एकत्रित खडबडीतपणा ०.२-०.३ मायक्रॉन असेल, तर वरचे उंचवटे हीच एक वेगळी मऊ स्प्रिंग झाली, लायनिंगच्या स्प्रिंगेच्या एकसरीत. दुसरी रोटरची कड, जी पातळ चकतीसारखी वाकते. रोटर पूर्ण ताठर धरलेल्या मॉडेलमध्ये ही लवचीकता हरवते, आणि मग सगळं खापर लायनिंगवर फुटतं.

ताठरता स्थिर दाबून मोजायची असेल तर डायल गेज विसरा. बिनलाटेच्या सपाट संपर्कात १६० न्यूटनला लायनिंग ०.१ मायक्रॉन दबतं. त्यात स्पिंडल, चकती स्प्रिंग आणि रोटर यांचं वाकणं कित्येक पट जास्त असतं. प्रीलोडसोबत रेझोनन्स किती सरकतो हे पाहणं जास्त भरवशाचं, पण त्यातही एक खड्डा आहे. इम्पिडन्स अ‍ॅनालायझर १ व्होल्ट देतो. एवढ्या सिग्नलला लाटेचा आयाम ०.१ मायक्रॉनच्या खाली राहतो आणि माथा काय, खळगा काय, सगळी लाट रोटरला टेकलेली असते. पूर्ण व्होल्टेजला आपल्या उदाहरणात संपर्काची परिणामी ताठरता त्या पूर्ण संपर्काच्या फक्त १२ टक्के उरते. छोट्या सिग्नलवर मिळालेला जोडलेल्या मोटरचा रेझोनन्स आणि गुणवत्ता घटक (क्यू, डॅम्पिंग कमी तितका मोठा) म्हणूनच पूर्ण व्होल्टेजच्या मॉडेलमध्ये घालायचे नसतात. चालत्या व्होल्टेजलाच वारंवारता वरून खाली आणत स्वीप करा. खालून वर नको: रेझोनन्सच्या खालच्या बाजूला प्रतिसाद उडी मारतो आणि मोटर अचानक थांबते.

घर्षण गुणांकासाठी सोपी पडताळणी आहे. वीज बंद असताना टॉर्क रेंचनं धारण टॉर्क मोजा आणि त्याला प्रीलोड × त्रिज्येनं भागा, स्थिर घर्षण गुणांक मिळाला. अर्थात प्रीलोड खरा माहीत हवा. जोडणीआधी चकती स्प्रिंगेचा बल-विस्थापन वक्र लोडसेलवर काढून ठेवा, शिमची जाडी धरून अंदाज बांधू नका. लायनिंग काही तास चालवून बसू द्या, मगच आकडे घ्या.

टाइम-डोमेनमध्ये खडखडाट आणि चुकीचं डॅम्पिंग

एका आवर्तनाला २५ मायक्रोसेकंद. संपर्कात शिरणं-निघणं नीट दिसायला आवर्तनामागे १०० पायऱ्या लागतात. गुणवत्ता घटक २०० असेल तर काल-स्थिरांक ६४ आवर्तनांचा. स्थिरावायला २५० आवर्तनं धरा, म्हणजे २५ हजार पायऱ्या. हा खर्च वाचवायला लोक पायऱ्या कमी करतात आणि खडखडाट दाबायला कृत्रिम डॅम्पिंग वाढवतात. मग लाटेचा आयामच सॉल्व्हर खातो. तपासणी सोपी आहे: रोटर काढून टाका, स्टेटरला मोकळं कंपत सोडा, आणि घट किती होते ती दिलेल्या गुणवत्ता घटकाशी ताडून पाहा.

रेले डॅम्पिंग (ताठरता आणि वस्तुमान यांच्या प्रमाणातलं डॅम्पिंग) देताना फक्त ताठरतेचा भाग द्या: १ ÷ (गुणवत्ता घटक × कोनीय वारंवारता) = २ × १०⁻⁸ सेकंद. वस्तुमानाच्या प्रमाणातलं डॅम्पिंग रोटरला लावलं तर ते त्याच्या फिरण्यालाच विरोध करतं. गुणवत्ता घटक २०० साधायला लागणारा गुणांक सेकंदाला १२५७. रोटरचं जडत्व ७ × १०⁻⁶ किलोग्रॅम-चौरस मीटर असेल तर १५५ आरपीएमला ०.१४ न्यूटन-मीटरचा अदृश्य ब्रेक लागतो. हा ब्रेक कोणत्याही संपर्क-आउटपुटमध्ये दिसत नाही.

सुरुवात एकदम १३० व्होल्टनं करू नका. आधी स्थिर पायरीत प्रीलोड, मग सुमारे ५० आवर्तनांत व्होल्टेज चढवत न्या. नाहीतर रोटर उसळतो आणि तो उसळणं थांबवेपर्यंत तुमची गणनेची रात्र संपते.

मेशबद्दल एकच: परिघ १६६.५ मिमी, संपर्कात किमान २० नोड हवे, म्हणजे ०.२५ मिमी. फ्री टेट्रा मेश टाळा. त्यामुळे दोन्ही ९-लाटी मोड कृत्रिमरीत्या वेगळ्या वारंवारतेचे होतात, चालत्या लाटेत उभी लाट मिसळते आणि टॉर्कमध्ये ८० किलोहर्ट्झचा थरथराट येतो. ४० किलोहर्ट्झला गुणवत्ता घटक २०० म्हणजे बँडविड्थ २०० हर्ट्झ, मोडमधला फरक त्याच्या बराच खाली हवा. लायनिंगसाठी पॉइसन गुणोत्तर ०.४५ च्या पुढे असेल तर पूर्ण इंटिग्रेशनचे रेषीय एलिमेंट लॉक होतात, हायब्रिड किंवा वर्गीय घ्या. आणि दातांचा विचार करा: ९० दात असतील तर ५.१ मिमीच्या संपर्कात जेमतेम पावणेतीन दात येतात. ९० ला ९ नं भाग जातो, म्हणजे नऊही माथे एकाच क्षणी दातांच्या सारख्याच स्थितीत असतात आणि दातांचा थरथराट एकमेकांत विरघळत नाही. सलग पृष्ठभाग धरणारं मॉडेल हे दाखवणार नाही.

रोजच्या कामासाठी छोटी स्क्रिप्ट

थ्रीडी मॉडेल पडताळणीला ठेवा. वक्र काढायला लाटेसोबत चालणारी निर्देशचौकट घ्या. त्या चौकटीतून पाहिलं तर स्थिर अवस्थेत संपर्क जागच्या जागी थांबलेला दिसतो आणि काळ गणितातून जातो. एका लाटेला ४०० बिंदू पुरतात.

आयाम आणि रोटरचा वेग गृहीत धरा. रोटरची उंची द्विभाजनानं अशी शोधा की सगळ्या दाबाची बेरीज प्रीलोडइतकी येईल. मग शिअर ताण काढायला संपर्काच्या पुढच्या कडेपासून, म्हणजे लाट ज्या दिशेला चालली आहे त्या टोकापासून, मागच्या कडेकडे या. सुरुवात शून्य ताणानं करा. पुढच्या प्रत्येक बिंदूला ताण = आधीचा ताण + आडवी ताठरता × सापेक्ष वेग × ६२.५ नॅनोसेकंद. तो घर्षण गुणांक × दाब यापेक्षा मोठा झाला तर तिथेच कापा. उलट टोकापासून आलात तर आकडे येतील, पण चुकीचे. चूक ओळखायची खूण अशी: स्टॉलला शिअर ताण शून्यातून चढत जातो तो संपर्काच्या मागच्या कडेला दिसेल, पुढच्या नाही.

ताणांची बेरीज × त्रिज्या म्हणजे टॉर्क. दाब आणि ताण यांचं मोडवर प्रक्षेपण करून लाटेशी एकाच फेजचा आणि ९० अंश मागे-पुढे असलेला असे दोन भाग काढा. पहिला रेझोनन्स सरकवतो, दुसरा आयाम खातो. त्यातून नवा आयाम येईल. तो सरळ बदलू नका, जुन्यात नव्याचे ०.३ भाग मिसळत चला, नाहीतर रेझोनन्सच्या उतारावर उत्तर इकडून तिकडे उड्या मारत राहतं. साधारण लॅपटॉपवर सगळा वक्र काही सेकंदांत निघतो.

स्टेटरच्या पृष्ठभागाला त्रिज्येच्या दिशेनंही थोडा वेग असतो, तो जमल्यास घ्या. माथ्यावर तो शून्य असतो, कडांकडे वाढतो. घर्षणाची दिशा एकूण घसरणीच्या उलट असते, त्यामुळे आडव्या बलाचा काही वाटा त्रिज्येच्या दिशेनं वाया जातो. स्टॉल टॉर्क धारण टॉर्कपेक्षा थोडा कमी मिळण्याचं हे एक कारण आहे. तेवढ्यासाठी घर्षण गुणांक खाली ओढला तर नो-लोडजवळची चिकटण्याची हद्द चुकते.

मोटर दहा मिनिटं चालल्यावरच वक्र बिघडत असेल तर संपर्काला हात लावू नका. पिझो आणि स्टेटर तापले की रेझोनन्स खाली जातो, ड्रायव्हरची वारंवारता जागच्या जागी राहते, दोघांतलं अंतर वाढतं आणि आयाम पडतो. सेन्सर इलेक्ट्रोडचं व्होल्टेज धरून वारंवारता खाली सरकवा. मूळ वेग परत आला तर लायनिंग निर्दोष आहे.